नवं-जुनं आणि सिबिल

मार्चचा शेवटचा आठवडा लागला, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या सोसायटीत एकच विषय चालतो : नवं-जुनं. गेल्या हंगामाचे पीककर्ज मुदतीत भरायचे आणि लगेच तेवढेच, जमल्यास थोडे वाढवून, नवे उचलायचे. भरायला पैसे नसतात. मग आडत्याकडून, मेहुण्याकडून, कधी खासगी सावकाराकडून आठ-दहा दिवसांच्या बोलीवर हातउसने आणायचे, भरणा करून गटसचिवाकडून पावती घ्यायची, आणि नवी उचल हातात पडली की उसने परत करायचे. या धावपळीमागे रोकडा हिशेब आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्य टक्क्यांत पडते. मुदत चुकली की सवलत गेली आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव आले.

सोसायटीत खाते असे चोख ठेवलेला माणूस एके दिवशी ट्रॅक्टरसाठी, घरासाठी किंवा मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तालुक्याच्या बँकेत जातो. साहेब संगणकाकडे बघून म्हणतात, ‘सिबिल बसत नाही.’ का बसत नाही, हे साहेब नीट सांगत नाहीत आणि अर्जदारही खोदून विचारत नाही. तो गावी परततो आणि पारावर सांगतो, सिबिलने घोळ केला. ते सिबिल त्याने कधी पाहिलेले नसते. त्यात काय लिहिले आहे, कोणी लिहिले आहे, ते खोडता येते का, हेही त्याला ठाऊक नसते.

आपल्या नावावर काय मांडले आहे ते आपल्यालाच न दिसणे, या गोष्टीची या जिल्ह्याने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार मागेल तितके कर्ज देऊ लागला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि सावकाराने हात आखडता घेतला. सरकारी साऱ्याचा आकडा मात्र वर गेला. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. कर्जरोखा तीनच वर्षे चालेल, म्हणजे व्याज फार साचणार नाही, असा त्यामागचा हेतू. सावकाराने त्यातून पळवाट काढली. दर तीन वर्षांनी जुना रोखा संपवायचा, थकलेले मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होईल ती नवे मुद्दल म्हणून नव्या रोख्यात घालायची, आणि त्यावर पुन्हा व्याज चालू. कुणब्याने अंगठा उठवायचा. पावती नाही, हिशेबाची नक्कल नाही. वहीत काय चढवले ते सावकाराला ठाऊक आणि त्याच्या कारकुनाला.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात उद्रेक झाला. (पारनेर तालुक्यात आज एमआयडीसी आहे ते सुपा वेगळे.) वणवा नगर जिल्ह्यात शिरला, श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावे उठली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून अधिक गावांत दंगे झाले. त्यात ठळकपणे दिसते ते हे, की जमावाला माणसांपेक्षा कागद हवे होते. सावकाराने रोखे आणि वह्या मुकाट्याने काढून दिल्या, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. नाही म्हटले की घर पेटे. जाळायचे होते ते खाते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने थांबवले, रोख्यामागचा खरा व्यवहार काय होता हे तपासण्याची मुभा न्यायालयांना दिली. त्यातली एक तरतूद आज फारशी आठवली जात नाही. भरलेल्या पैशाची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि मागेल त्याला पासबुक, हे मिळण्याचा शेतकऱ्याला हक्क दिला गेला. जाळपोळीतून जे मिळवायचे होते त्यातला एक तुकडा कायद्याच्या वाटेने हाती आला. पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, 1923 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला पतपेढी काढली, आणि 1950 मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

आजची वही मुंबईत आणि पुण्यात बसलेल्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आहे. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजेच सिबिल, 2000 साली स्थापन झाली. 2005 मध्ये या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बँका स्कोअर आधीपासून बघत होत्या, पण सामान्य माणसाला स्वतःचा सिबिल स्कोअर बघण्याची सोय 2011 मध्ये झाली. सिबिल हे एका कंपनीचे नाव. इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत, आणि बँकांनी व वित्तसंस्थांनी चारही ठिकाणी सभासद व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये दिला. त्यामुळे एका ठिकाणी दुरुस्ती झाली म्हणून दुसरीकडे ती आपोआप झालीच असेल, असे गृहीत धरू नये. चौघांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. साधारण 750 च्या पुढे असला की बँका खूश असतात. कर्जाचा इतिहासच नसेल तर आकड्याच्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ दिसते. ही कोरी पाटी आहे. तिला खराब सिबिल म्हणणे चूक आहे, पण शाखेत सर्रास म्हटले जाते.

लोक आकड्यापाशीच थांबतात, खरी गंमत त्याच्या खालच्या पानांत आहे. रिपोर्टात प्रत्येक कर्जाचा एक चौकोन असतो : बँकेचे नाव, कर्जाचा प्रकार, कधी दिले, किती दिले, आज किती बाकी. त्याखाली महिन्यामहिन्याचे रकाने. हप्ता वेळेवर गेला असेल तर त्या महिन्याखाली तीन शून्ये. 030 दिसले तर हप्ता त्या वेळी तीस दिवस थकलेला होता, 090 म्हणजे नव्वद दिवस. सरकारी कामाची फाईल वाचता येणाऱ्या कोणालाही हे वाचता येते. पहिल्यांदा वाचणाऱ्याने तीन गोष्टींवर बोट ठेवत जावे. ही सगळी कर्जे माझीच आहेत का? फेडलेले कर्ज बंद दाखवले आहे का? आणि ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ हे शब्द कुठे आहेत का?

पहिला प्रश्न नगरकडे विशेष महत्त्वाचा आहे. या भागात भाऊसाहेब, बाळासाहेब, अण्णासाहेब, रावसाहेब ही नावे दर दुसऱ्या घरात. एकाच गावात, एकाच आडनावाचे, वडिलांचेही नाव तेच, असे दोन खातेदार सापडणे नवल नाही. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, जुन्या बँक पासबुकात ‘आण्णा’ तर पॅनवर ‘अण्णा’. जुन्या खात्यांना पॅन जोडलेला नसेल, तर नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवरून जुळवाजुळव होते, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसू शकते. पॅन, आधार आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी नावाची अक्षरे एकसारखी करून घेणे हा पत सुधारण्याचा पहिला, बिनपैशाचा उपाय आहे.

तिसऱ्या प्रश्नात बरीच माणसे अडकतात. बँकेने लोकअदालतीत किंवा एकरकमी परतफेडीत दोन लाखांचे सव्वा लाखात मिटवले, की घरी पेढे वाटले जातात. कर्ज मिटले हे खरे. पण ‘सेटल्ड’ हा शेरा पुढच्या सावकाराला सांगतो, की या माणसाने पूर्ण पैसे दिले नव्हते. कंपन्यांनी ही माहिती निदान सात वर्षे ठेवायची असते. तडजोडीखेरीज मार्गच नसेल तर ती करावी, त्यात कमीपणा नाही; पण शक्य असेल तेव्हा उरलेली रक्कम भरून, बेबाकी दाखला घेऊन, नोंद ‘क्लोज्ड’ करून मागावी. 1 जून 2017 रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. 2019 च्या अखेरीस दोन लाखांपर्यंतची दुसरी आली. त्या योजनांत ज्यांची खाती बसली, त्यांनी आपल्या बँकेने ते खाते ब्युरोकडे कसे कळवले, हे एकदा डोळ्यांनी पाहायलाच हवे. माफीची यादी तहसीलच्या भिंतीवर लागली होती, ब्युरोचे पान कोणी दाखवायला आले नाही.

जामीनदाराचे दुःख आणखी वेगळे. ‘तू मला जामीन, मी तुला जामीन’ या बोलीवर आपल्याकडच्या निम्म्या कर्जप्रकरणांच्या सह्या होतात. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक कळवते तेव्हा ते कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टातही उमटते, आणि मित्राने हप्ते थकवले तर धक्का दोघांना बसतो. सही करताना लाजेने न विचारलेला प्रश्न पुढे फार महागात पडतो. जामीन राहायचे असेल, तर कर्जदाराच्या हप्त्यांचा खातेउतारा वर्षातून दोनदा मागण्याची अट आधीच घालावी. नाते त्याने तुटत नाही.

आणि मग जे रिपोर्टात येतच नाही, त्याचे काय? गावची विविध कार्यकारी सोसायटी ब्युरोची सभासद नसते. अनेक पतसंस्थांचे व्यवहारही तिथवर पोचत नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षे नवं-जुनं करून एकदाही तारीख न चुकवलेला माणूस बाहेरच्या बँकेला ‘इतिहास नाही’ म्हणून दिसू शकतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कामगारांची गोष्ट तर याहून कठीण. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोच्या एका कोयत्याने पूर्ण हंगाम ऊस तोडून ती फेडायची. अंगमेहनतीने फेडलेले इतके मोठे कर्ज कुठल्याच वहीत जमेला लागत नाही. त्याच घरातली बाई मात्र मायक्रोफायनान्सच्या गटात असेल, तर तिचा रिपोर्ट भरलेला असतो, कारण त्या कंपन्या माहिती नियमित पाठवतात. अनेक घरांत कुटुंबाची पत अशी बाईच्या नावाने उभी राहिली आहे आणि घरातल्या कोणाला त्याची कल्पना नाही. मार्च 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, अशी मर्यादा घातली. चार गटांतून कर्ज काढून दुसऱ्याला देणाऱ्या बायांनी हा नियम ध्यानात ठेवावा. पैसे वापरले जावेने किंवा शेजारणीने, तरी रकाने आपल्या नावाचे भरतात.

नगरकरांना आणखी एक अडचण माहीत आहे. 1910 मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2021 मध्ये निर्बंध आणले, ठेवीदारांना दहा हजारांच्या वर काढता येईना, आणि 4 ऑक्टोबर 2023 रोजी परवानाच रद्द केला. ठेवीदारांचे हाल सगळ्यांनी पाहिले; पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कवच होते, त्यावरच्यांचा जीव टांगणीला लागला. कर्जदारांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. बँक बंद पडली म्हणून कर्ज बुडत नाही, ते अवसायकाकडे फेडावेच लागते. पण फेडल्यावर ब्युरोला कळवणार कोण? परवाना गेलेल्या संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न देशभर होता. 10 ऑक्टोबर 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले, की परवाना रद्द झालेल्या संस्थेनेही आपल्या कर्जांची परतफेड ब्युरोला कळवत राहायचे आहे. बंद पडलेल्या कुठल्याही बँकेचे कर्ज फेडलेल्याने अवसायकाकडून लेखी दाखला घ्यावा आणि रिपोर्टातली नोंद बदलली का, हे तपासावे. बदलली नसेल तर रिझर्व्ह बँकेचा हाच नियम दाखवावा.

तपासायला पैसे लागत नाहीत. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा नियम जानेवारी 2017 पासून आहे. चौघांकडून एकदम मागवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकाकडून मागवला, तर वर्षभर नजर राहते. स्वतः स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. उतरतो तो आठवड्यात पाच बँका आणि दहा मोबाइल ॲप यांच्याकडे एकामागोमाग अर्ज टाकल्याने. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि माणूस पैशासाठी वणवण फिरतो आहे, असे चित्र उभे राहते.

चूक सापडली तर ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार करायची आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवायचे, कारण संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरो स्वतःहून अक्षरही बदलत नाही. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली तर कारण द्यावे लागते. तेवढ्याने भागले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर 2022 पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. ‘पाच हजार द्या, महिन्यात सिबिल साडेसातशे करून देतो’ म्हणणारे आता तालुक्याच्या ठिकाणीही दिसू लागले आहेत. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, आणि खोटी नोंद पुसून घेण्यासाठी त्यांची गरज नाही. पॅन आणि ओटीपी मात्र त्यांच्या हाती जातो.

चूक नसेल आणि थकबाकी खरीच असेल, तर मार्ग संथ आहे. आधी चालू थकबाकी भरायची, मग हप्ता चुकू द्यायचा नाही. सुप्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पोराने मोबाइल शून्य टक्क्यांवर घेतला, हप्ता 5 तारखेला आणि पगार 10 ला. हप्ता बाउन्स होतो, दंड लागतो, तीन हजारांच्या फोनपायी पुढचे घरकर्ज अडते. एक अर्ज देऊन हप्त्याची तारीख बदलून मागता येते, पण ते कोणी करत नाही. दूधवाल्याला दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, त्याने हप्ता त्या तारखेच्या पाठोपाठ लावून घ्यावा. क्रेडिट कार्डाची मर्यादा पन्नास हजार असेल तर पंधरा हजारांच्या आत खर्च ठेवावा आणि किमान रकमेवर न थांबता बिल पूर्ण भरावे. कोऱ्या पाटीवाल्याने मुदतठेवीवर मिळणारे कार्ड किंवा छोटे सोनेतारण कर्ज घेऊन वेळेवर फेडले, तर काही महिन्यांत आकडा तयार होतो. जानेवारी 2025 पासून संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

पण शेतकऱ्याचा हप्ता त्याच्या एकट्याच्या शिस्तीवर थोडाच चालतो! 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद झाली ती मे 2024 पर्यंत. घोडेगावच्या, राहुरीच्या बाजारात ज्यांनी त्या काळात कांदा विकला, त्यांच्या ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता कशातून जायचा होता? रिपोर्टातला 090 हा आकडा निर्यातबंदीमुळे पडला की उधळपट्टीमुळे, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते. ही या पद्धतीतली खरी उणीव आहे, आणि तिच्यावर बोलले पाहिजे. शेतकऱ्याच्या हातात एवढेच राहते, की तारीख उलटण्याआधी बँकेत जाऊन पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुनर्गठनाचीही नोंद होते, पण न सांगता थकलेल्या हप्त्यापेक्षा ती केव्हाही बरी.

मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. तसा इशारा त्याआधीही दिला गेला होता. ऑगस्ट 2025 मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत स्पष्ट केले, की रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असा तिचा निर्देश आहे. शाखेत ‘सिबिल बसत नाही’ हे तोंडी उत्तर मिळाले, तर नकार कारणासह लेखी मागावा. मग तक्रारीला आधार राहतो.

गावच्या सोसायट्या संगणकावर आणण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशातल्या 63 हजार सोसायट्या तेव्हा तिच्या आवाक्यात होत्या. भरणा आणि उचल यांच्या नोंदी एकदा संगणकात आल्या, की त्या ब्युरोपर्यंत न्यायच्या का, आणि नेल्या तर अतिवृष्टीच्या वर्षी थकलेल्याचे काय करायचे, हा निर्णय सभासदांना विचारून व्हायला हवा. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांत हा विषय अजेंड्यावर यावा. तोवर ज्याला बाहेरच्या बँकेत जायचे आहे, त्याने सोसायटीकडून मागच्या पाच वर्षांचा खातेउतारा सही-शिक्क्यानिशी घ्यावा, दूध संघाच्या पेमेंटच्या पावत्या आणि कारखान्याची ऊसबिले त्याला जोडावीत, आणि अर्जासोबत देऊन त्याची पोच घ्यावी.